स्वच्छ पाण्याचा पत्ता

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

शेजारच्या वहिनींनी मला एकदा सरळच विचारलं, “काय भाऊजी, मासे धरायला तुम्ही हिमाचलात जाता म्हणे. इथं मासळी बाजारात मिळत नाहीत का?” मी म्हटलं, “मिळतात की. पण मला ते खायचे नसतात. मी धरतो आणि परत सोडून देतो.” वहिनी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी आमच्या हिला हळूच विचारलं, “भाऊजींची तब्येत बरी आहे ना?”

तब्येत बरी आहे, मंडळी. आयुष्यभर मी हिशेबतपासनिसाचं काम केलं. आकड्यांच्या ओळी तपासता तपासता पन्नाशी आली आणि हा नाद लागला. त्याला इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात. आपण माशीच्या गळाची मासेमारी म्हणू. माशीनं मासा धरायचा. मराठीत हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण प्रकार खरोखर तसाच आहे.

नेहमीच्या गळाला आपण गांडूळ लावतो, कणकेचा गोळा लावतो, वर शिशाचं वजन बांधतो. ते वजन भिरकावलं की त्याच्यामागून दोर जातो. इथं उलटं असतं. आकड्यावर कोंबड्याचं किंवा मोराचं पीस, थोडी लोकर आणि रेशमाचा दोरा गुंडाळून एक खोटी माशी तयार केलेली असते. तिला वजन असं नसतंच. फुंकर मारली तर उडून जाईल. मग ती वीस-तीस फुटांवर जाणार कशी? तर इथं वजन दोरात असतं. दोर जाडसर, गुळगुळीत. काठी मागं-पुढं झुलवली की तो हवेत उलगडत जातो आणि शेवटी त्याच्या टोकाला बांधलेल्या बारीक नायलॉनवरून ती माशी पाण्यावर अलगद उतरते. अलगद उतरली तरच उपयोग. धपकन पडली की मासा दगडाखाली जातो आणि तासभर बाहेर येत नाही.

हे शिकायला मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सहा महिने घालवले. आकड्याच्या जागी लोकरीचा तुकडा बांधायचा आणि पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलेल्या परातीत तो पाडायचा. वाळत घातलेल्या दोन साड्या आणि वरच्या मजल्यावरच्या जोश्यांची अँटेना एवढं नुकसान झालं. पण तुम्हाला हे करायचं असेल तर माझं ऐका, तयारीचा पहिला भाग घरीच उरका. दोन हजार किलोमीटर जाऊन, गार पाण्यात उभं राहून हात शिकवायला बसलात तर सुट्टी संपते आणि हातही शिकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं लांब कशाला? आपल्याकडं नद्या नाहीत का?

माझे वडील वेल्ह्याकडं गुंजवणीच्या डोहात गळ टाकायचे. मी पाच-सहा वर्षांचा असेन. पाणी इतकं नितळ, की तळाचा वाटोळा गोटा दिसावा. त्या डोहात खडशी असायची. मोठ्या खवल्यांचा, पिवळसर अंगाचा, ताकदीचा मासा. इंग्रज ज्याला महसीर म्हणत आणि ज्याच्या मागं सगळा हिंदुस्थान पालथा घालत, त्याचाच हा दख्खनी भाऊ. या माशाला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी आपल्या पुण्याजवळ. कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्यानं पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पाण्यात तो पाहिला आणि १८३९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजही जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत या माशाच्या नावात ‘खुद्री’ हा शब्द आहे. त्या जागी आज उभं राहून बघा. मासा राहू द्या, पाच मिनिटं नाक न दाबता उभं राहणं जमलं तरी पुष्कळ.

सगळं गेलंय असं मात्र नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथं देवीच्या आश्रयानं हे मासे अजून पोहताना दिसतात. त्यांना कुणी धरत नाही, उलट चुरमुरे घालतात. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून महसीरची अंडी उबवून लाखो पिल्लं वाढवली. त्या कामामागं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारखे मत्स्यशास्त्रज्ञ होते. पण देवाच्या माशाला गळ टाकायचा नसतो, आणि गावाखालच्या नदीत टाकावा असं पाणी राहिलेलं नाही. म्हणून लांब जायचं. हौस म्हणा, पण या हौसेत थोडी शरमही आहे, हे मी कबूल करतो.

पहिल्या वेळी मी गेलो तो २००९ च्या जूनमध्ये. मी आणि माझा मेहुणा. जून का? तर मुलांना सुट्ट्या असतात, डोंगरात थंडी कमी असते, आणि एका प्रवासी कंपनीच्या माणसानं छातीवर हात ठेवून सांगितलं, “साहेब, ट्राउटची गॅरंटी.” सगळे पैसे आगाऊ भरले. हिशेबतपासनीस असूनही भरले, हे विशेष.

ठिकाण निवडलं होतं ते बरोबर होतं. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातलं तीर्थन नदीचं खोरं. दिल्लीहून रात्रीची मनालीची बस धरायची आणि पहाटे औटच्या बोगद्याअलीकडं उतरायचं. तिथून लारजीवरून बंजार, आणि पुढं गुशैणी. बाकीची सगळी बस मनालीला निघून जाते आणि आपण दोघं धोकट्या घेऊन अंधारात उभे. गुशैणी सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथं फलाचन नावाची दुसरी नदी येऊन तीर्थनला मिळते. वर चालत गेलं की ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. हे उद्यान १९९९ मध्ये अधिकृतपणे जाहीर झालं आणि २०१४ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तीर्थनचा उगम त्याच्या आत, हंसकुंडापाशी. म्हणजे नदीच्या डोक्यावर गाव नाही, कारखाना नाही, हॉटेल नाही. पाणी चांगलं आहे की नाही हे ठरवायचं असेल तर आधी नकाशावर बोट ठेवून नदीच्या उगमापर्यंत जा आणि वाटेत काय काय लागतं ते मोजा. मी तेवढं केलं होतं. बाकी काहीच केलं नव्हतं.

पोचलो तो शनिवारी दुपारी. परवाना देणारं कार्यालय बंद. रविवारीही बंद. चार दिवसांच्या मुक्कामातले दीड दिवस आम्ही ओसरीत बसून नदीचा आवाज ऐकण्यात घालवले. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, “परवान्याचं काय घेऊन बसलात, साहेब? टाका की तसाच गळ.” आम्ही टाकला नाही. तेवढी एकच अक्कल त्या वेळी आमच्याकडं होती.

सोमवारी परवाना मिळाला आणि पाण्यापाशी गेलो. पाणी राखाडी! धुणं धुतल्यावर बादलीत राहतं तसं. वर बर्फ वितळत होता आणि त्याच्याबरोबर डोंगराची बारीक पूड खाली येत होती. अशा पाण्यात माशाला स्वतःचं शेपूट दिसत नाही, आमची पिसाची माशी कुठून दिसणार? सकाळी जरा बरं असायचं, दुपारनंतर गढूळ. याचं कारण साधं आहे, पण ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो. ते पाणी दऱ्यांतून खाली यायला काही तास लागतात. म्हणून खालच्या खोऱ्यात नदी दुपारी उशिरा आणि संध्याकाळी चढते, आणि पहाटे सर्वांत कमी असते. आकाशात ढग नाही, पावसाचा थेंब नाही, तरी नदी रोज फुगते आणि रोज ओसरते. समुद्राला भरती असते तसंच म्हणा ना.

सकाळी अकराला आम्ही दोघं गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या खडकांच्या बेटावर गेलो. तिथून प्रवाहाची एक सुरेख वळणाची जागा दिसत होती. गळ टाकण्यात दुपार कशी गेली कळलं नाही. चारच्या सुमाराला परत फिरलो तर तेच पाणी मांडीच्या वर आलेलं. मी काठी टेकत टेकत कसाबसा आलो. मेहुणा माझ्यामागं होता. तळाचा गोटा त्याच्या पायाखालून सरकला आणि तो आडवा झाला. मी वळून पाहिलं तर फक्त टोपी दिसली. पाच-सात सेकंदच असतील, पण आमच्या हिच्या आईला काय सांगायचं, हा विचार माझ्या मनात येऊन गेला हे मला स्वच्छ आठवतं. वीसेक पावलं खाली एका मोठ्या खडकाला तो अडकला. वरच्या शेतात काम करणारी दोन पोरं धावत आली, एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरली आणि त्यांनी त्याला ओढून काढलं. मनगट मोडलं होतं. काठी गेली ती गेलीच. एका आजींनी स्वतःच्या अंगावरचा लोकरीचा पट्टू काढून त्याच्याभोवती गुंडाळला. देवदाराची फाटी बांधून हात सरळ ठेवला, आणि प्लास्टर घालणारा डॉक्टर भेटेपर्यंत रात्रीचे दहा वाजले.

मेहुणा आता बरा आहे. गार हवा सुटली की मनगट दुखतं, आणि ते दुखलं की तो मला फोन करतो. “भावोजी, तुमची नदी आठवली,” म्हणतो.

या प्रसंगानंतर दोन वर्षं मी कुठं गेलो नाही. वाचत बसलो, आणि वहीत लिहीत बसलो. जुनी सवय. त्या वहीतलं पहिलं पान ‘कधी’ या शब्दाचं आहे. ‘कुठं’ त्याच्यानंतर येतं. आपण सहल ठरवतो ती आपल्या सुट्टीप्रमाणं. पाण्याची सुट्टी कधी, हे आपण विचारतच नाही. हिमाचलच्या ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारीला बंदी असते, कारण थंडीच्या सुरुवातीला तपकिरी ट्राउट अंडी घालतो. मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, दरडी, मातीचं पाणी. म्हणजे वर्षातून हाती राहतात ते दोन तुकडे. मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत एक, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत दुसरा. काश्मीरचं वेळापत्रक वेगळं, कुमाऊंतल्या महसीरचं वेगळं. महसीर गरम पाण्यातला मासा, त्याला वसंत मानवतो आणि पावसाळा ओसरल्यानंतरचे आठवडे मानवतात. ट्राउटला पाणी गार लागतं. वीस अंशांच्या आसपास गेलं की तो बेचैन होतो, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. म्हणून मी एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून बरोबर नेतो. पाणी तापलं असेल तर त्या दिवशी गळ टाकत नाही. धरलेला मासा सोडला तरी तो मग जगत नाही.

दुसरं पान धरणाचं आहे. हे पान मी २०१४ नंतर लाल शाईनं पुन्हा लिहिलं. त्या वर्षी ८ जूनला, याच लारजीच्या धरणातून सोडलेलं पाणी खाली बियास नदीत आलं आणि काठावर, खडकांवर फोटो काढत उभे असलेले हैदराबादच्या इंजिनियरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा एक माणूस वाहून गेले. संध्याकाळची वेळ होती, पाणी कमी होतं, कुणालाही उतरावंसं वाटेल असं होतं. बर्फाचं पाणी निदान हळूहळू चढतं. दारं उघडलेल्या धरणाचं पाणी भिंतीसारखं येतं. तेव्हा ज्या जागी तुम्ही उभे राहणार, तिच्या वरच्या बाजूला धरण आहे का, असेल तर पाणी सोडायची वेळ कोणती, भोंगा कुठं वाजतो, हे गावात विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. मी तर धरणाच्या खाली उतरतच नाही. एखादा चांगला मासा हुकला तर हुकला.

तीर्थनमध्ये वरच्या अंगाला धरण नाही, हे काही आपोआप झालेलं नाही. आजूबाजूला बघा. शेजारच्या सैंज नदीवर वीज प्रकल्प, पार्वतीवर प्रकल्प, लारजीला १२६ मेगावॅटचा. तीर्थन खोऱ्यातही लहान जलविद्युत प्रकल्पांची एक माळच येणार होती. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातले गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले, उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ते प्रकल्प रद्द झाले. विजेला विरोध करायचा का, हा वाद मोठा आहे. मी विजेच्या दिव्याखाली बसूनच हे भाषण लिहिलं. पण एका जिल्ह्यात पाच नद्या असतील तर त्यातली एक तरी मोकळी वाहू द्यावी, असं वाटणारी माणसं तिथं होती, म्हणून मला आज तिथं जाता येतं. जपलेलं पाणी म्हणजे कुणीतरी जपलेलं पाणी. प्रवास ठरवताना त्या कुणाच्या तरी घरी उतरा, शहरातल्या कंपनीकडं पैसे भरू नका. आमच्या दुसऱ्या खेपेला आम्ही ज्या पोरांनी मेहुण्याला ओढून काढलं त्यांच्याच घरी उतरलो. त्यातला एक आता वाटाड्याचं काम करतो. कोणत्या वारी परवाना मिळतो, रस्ता कुठं खचलाय, कोणता पूल वाहून गेलाय हे त्याच्या एका फोनवर कळतं. आणखी एक गोष्ट त्यानंच सांगितली. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नसतो. हद्दीच्या खाली, परवान्याच्या पाण्यातच टाकायचा. माझ्या नकाशावर ती हद्द नव्हती.

सामानाच्या याद्या पुस्तकांत भरपूर मिळतात, त्या मी वाचून दाखवत नाही. दोनच गोष्टी. छातीपर्यंतची रबरी विजार घालणार असाल तर कमरेला पट्टा घट्ट आवळा, नाहीतर पडल्यावर तिच्यात पाणी भरतं आणि माणूस उठत नाही. आणि एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना बूट कडक वाळवा. तळव्याच्या नमद्यातून शेवाळ आणि रोगजंतू प्रवास करतात. न्यूझीलंडनं तर असे नमद्याचे तळवे २००८ पासून बंदच केले.

तर दुसरी खेप. ऑक्टोबर २०११. मेहुणा आला, पण पाण्यात उतरला नाही. काठावर चहाचं पातेलं सांभाळत बसला.

पाणी पाहिलं आणि मी काठी बाजूला ठेवून नुसता बसलो. हिरवट काचेसारखं. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. वाटाड्या म्हणाला, “पहले पत्थर देखो, साहब.” तो वाकला, पाण्यातला एक हातभर दगड उचलून त्यानं उलटा केला. खालच्या बाजूला जिवंत गावच होतं. चपट्या अंगाचे, दोन-तीन शेपट्यांचे किडे इकडून तिकडं पळत होते. काही किड्यांनी वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखी घरं केली होती. हेच किडे महिनोन्‌महिने पाण्याखाली वाढतात आणि एका संध्याकाळी वर येऊन पंख फुटल्यावर उडतात. त्यातले काही तर जेमतेम एक दिवस जगतात. ट्राउटचं जेवण हेच. आणि आमची खोटी माशी बांधायची ती यांच्याकडं बघून. पाण्याखाली पळणारा किडा दिसला तर बुडणारी माशी, वर उडणारे दिसले तर तरंगणारी. दुकानातली सर्वांत महाग माशी घेऊन गेलात आणि दगड उलटला नाहीत, तर रिकाम्या हातानं याल.

पण मला त्या दगडानं वेगळंच सांगितलं. हे किडे भलते सोवळे असतात. पाण्यात जरा घाण मिसळली, प्राणवायू जरा उतरला की ते आधी जातात. नदीचं आरोग्य तपासणारे शास्त्रज्ञ याच किड्यांची मोजदाद करतात. पुण्याला परत आल्यावर मी मुठेच्या काठाला जाऊन एक दगड उलटला. लोक बघत होते, बघोत. खाली काळा चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या तांबड्या अळ्या. त्या तांबड्या का, तर प्राणवायू नसल्यासारख्या पाण्यातही तो धरून ठेवता यावा म्हणून त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच लाल द्रव्य असतं. दुसरं काही त्या दगडाखाली नव्हतं. तुम्हाला काठी घेऊन कुठंही जायचं नसेल तरी हा दगड उलटून बघण्याचा प्रयोग जरूर करा. जिथं जाल तिथल्या नदीत करा. पैसे पडत नाहीत.

त्या दिवशी मला तीन मासे लागले. सर्वांत मोठा हातभराहून थोडा कमी. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर काळे आणि तांबडे ठिपके, प्रत्येक तांबड्या ठिपक्याभोवती फिकट कडं. परवान्याप्रमाणं ठरलेले मासे घरी नेता येतात. आम्ही नेत नाही. आकड्याला मागं वळलेली जी टोकदार कुसळ असते, ती चिमट्यानं आधीच दाबून टाकायची, म्हणजे आकडा सहज निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला लावायचा नाही, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही. तोंड प्रवाहाकडं करून पोटाखाली हात धरायचा. कल्ले चालू लागतात, शेपटी हलते, आणि हातातून तो कधी गेला कळत नाही. फोटो पाहिजे असेल तर मनात तीन आकडे मोजून होण्याआधी काढा. मेहुण्यानं काढलेल्या सगळ्या फोटोंत माझा हात आहे आणि मासा नाही.

इथं एक खोच आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या माशासाठी एवढं नितळ, अस्पर्श पाणी आपण शोधत जातो, तो मासा तिथला नाहीच. ट्राउट विलायतेचा. काश्मीरला १८९९ मध्ये अंडी आणली ती वाटेत मेली. १९०० मध्ये पुन्हा आणली ती जगली. तिथून १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं कुल्लूत आणून सोडली. हिमालयाचा स्वतःचा मासा वेगळा. त्या भागात त्याला गुगली म्हणतात. बारीक खवल्यांचा, खालच्या बाजूला तोंड असलेला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. खोट्या माशीकडं तो सहसा बघत नाही, म्हणून साहेबांनी त्याला मोजलं नाही, आणि त्यांच्यामागून आम्हीही. पाहुण्यानं त्याची जागा बरीच व्यापली. मी वाटाड्याला विचारलं, “तुम्ही घरी कोणता खाता?” तो हसून म्हणाला, “ट्राउट साहब लोगों का। हमारी तो गुगली।” तेव्हापासून गुगली चुकून गळाला लागली तर तिला मी जास्त जपून सोडतो. एवढ्यानं फिटतं असं नाही.

तीर्थन आता बऱ्यापैकी माहीत झालेली नदी आहे, म्हणून तिचं नाव मी बिनधास्त घेतलं. तिच्या आसपासचा एक ओढा आहे. दोन तास चढून जावं लागतं, वर एकच घर आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. रागावू नका. पूर्वी मी अशी नावं सगळ्यांना सांगायचो. त्यातल्या एका जागी पुढच्या वर्षी गेलो तर काठावर बाटल्यांच्या काचा होत्या आणि डोहात कुणीतरी चुन्याची पूड टाकलेली. लहान-मोठे सगळे मासे पांढरे पोट वर करून. तेव्हापासून नकाशाच्या त्या कोपऱ्यावर मी बोट ठेवतो.

जुलै २०२३ मध्ये कुल्लू जिल्ह्यात महापूर आला. सैंजची बाजारपेठ नदीत गेली, रस्ते गेले, पूल गेले. तीन दिवस वाटाड्याचा फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मी आधी घरच्यांची चौकशी केली. सगळे सुखरूप होते, शेताचा एक तुकडा गेला होता. मग न राहवून विचारलं, “और नदी?” तो म्हणाला, पात्रच सरकलंय, तुमचं ते वळण राहिलं नाही, आता तिथं गोट्यांचं मैदान आहे. मी गप्प झालो. मग तोच म्हणाला, “नीचे एक नया पूल बना है।” पूल म्हणजे ब्रिज असं वाटून मी म्हटलं, चला, सरकारनं लवकर बांधला. तो हसायला लागला. पूल म्हणजे त्याला डोह म्हणायचं होतं. परदेशी पाहुण्यांकडून उचललेला इंग्रजी शब्द. पुरानं एक डोह मोडला आणि दुसरा केला होता.

त्यात मासा आहे का, हे त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही गेलो. मेहुणाही आला, चहाचं पातेलं घेऊन. पोचल्यावर काठी पिशवीतून काढलीच नाही. आधी पाण्यापाशी वाकलो आणि एक दगड उलटला. नवा, पुरानं आणून टाकलेला, कोऱ्या रंगाचा दगड. खाली वाळूच्या तीन नळ्या चिकटलेल्या होत्या.